साडेसहाची तोफ

आमचा जावई अमेरिकेच्या लष्करात डॉक्टर. घर तळाच्या आतच. शेजारी शांत, अंगण मोठं, हवा स्वच्छ असं लेकीने फोनवर सगळं सांगितलं होतं. तोफेचं तेवढं राहून गेलं.

पहाटेची साखरझोप, आणि साडेसहाला धडाम! मी उठलो नाही, उडालो. मागोमाग बिगुल. "काही नाही हो बाबा, झेंडा चढवतायत," लेक पलीकडच्या खोलीतून म्हणाली. बिगुलाच्या पहिल्या सुराला बार काढायचा, संध्याकाळी पाचला झेंडा उतरवायच्या वेळी आणखी एक. पूर्वी हे सूर्यावर चालायचं, आता घड्याळावर. "गोळा नसतो, नुसती दारू असते," असा जावयाने धीर दिला. त्यात बिगुल रेकॉर्ड केलेला, भोंग्यावरून वाजणारा. म्हणजे जिचा आवाज बारीक करायची खरी गरज, ती तोफच नेमकी अस्सल!

नातू त्या आवाजाने कूससुद्धा बदलत नाही. बिस्किटाचा पुडा मात्र कितीही हळू फोडा, हा हजर. हिने तर तोफेच्या ठोक्यावर कुकर चढवायला सुरुवात केली.

दचकण्यापेक्षा आधीच उठून फिरायला जावं म्हणून एकदा बाहेर पडलो. बार झाला तशी धावणारी पोरं जागच्या जागी थबकली. गाड्या थांबल्या, माणसं उतरून सलाम ठोकून उभी. साध्या कपड्यातल्या पुरुषांनी टोपी काढून उजव्या हाताने डाव्या खांद्याशी धरायची, असा रिवाज. माझी माकडटोपी, हनुवटीखाली बटण. ते सुटेना. ओढाओढीत टोपी डोळ्यांवर आली आणि बिगुल संपला. शेजारचा सैनिक गंभीरपणे "गुड मॉर्निंग, सर" म्हणून पळाला. कोणत्या दिशेला, ते मला दिसलं नाही.

पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ झाली की रस्त्यावर हिंडायची बंदी असे. तोफेचा हा उपयोग मला एकदम पटतो. माणसाला घरी धाडून झोपवणारी तोफ कुठे, आणि ही कुठे!

ब्रिटिश पलटणींत नाताळच्या सकाळी अधिकारी स्वतः शिपायांना रम घातलेला चहा नेऊन देतात, हे मी हिच्या कानावर घातलं. सूचना म्हणूनच.

"छान पद्धत आहे," ही म्हणाली. "उद्यापासून तुम्ही अधिकारी, मी शिपाई. तोफ झाली की चहा आणा. रम नको, आलं घाला."