कट्ट्यावरची चर्चा: घड्याळाची चाल

२५ डिसेंबर, सकाळचे साडेदहा. मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर, गडकरी रंगायतनच्या बाजूला, ऊन अडणार नाही अशी जागा बघून मास्तरांनी तीन फूट बाय दोन फुटांचा प्लायचा तुकडा ठेवला. फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, म्हणून पाणसळ लावून प्लायखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत तो समतल केला. कडेपाशी अर्ध्या मीटरची सळई ओळंब्यात उभी केली आणि तिच्या बुडाशी दोरा अडकवून पेन्सिलीने एक कमान आखली, त्रिज्या ५५ सेंटीमीटर.

वाद आदल्या संध्याकाळचा. ठाण्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर किती वाजता येतो? घड्याळदुरुस्तीवाले दादा म्हणाले, बाराला. मास्तर म्हणाले, १२ वाजून ३८ मिनिटांनी.

"आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळची," मास्तरांनी हिशेब मांडला. "ठाणं ७२.९७ वर. फरक साडेनऊ अंशांचा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, एका अंशाला ४ मिनिटं. झाली ३८ मिनिटं. शिवाय सूर्य वर्षभर घड्याळाबरोबर चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे. २५ डिसेंबरच्या सुमाराला हा फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणून उद्याच बघू."

ताईंनी भर घातली, "मुंबईची स्वतःची वेळ होतीच की. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. प्रमाणवेळ १९०६ ला आली, तरी मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत वापरात होती."

११ वाजून ८ मिनिटांच्या सुमाराला सावलीचं टोक आत येताना कमानीला भिडेल, दुपारी दोननंतर पुन्हा बाहेर पडताना भिडेल. दोन्ही वेळांच्या बरोबर मधे मध्यान्ह. शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, ही रीत आपल्याकडे फार जुनी, कात्यायनाच्या शुल्बसूत्रात दिशा काढायला हीच दिली आहे. सर्वांत आखूड सावली कधी पडते ते बघत बसण्यात अर्थ नाही. मध्यान्हीच्या आधीच्या दहा मिनिटांत या सळईची सावली जेमतेम एक मिलीमीटर बदलते, डोळ्याला ते कळतच नाही. अकराच्या पुढे मात्र ती मिनिटाला दोन मिलीमीटर सरकते. जिथे बदल जोरात होतो तिथे मोजायचं.

वाट बघायला तीन तास होते आणि त्यात खरा वाद पेटला: समुद्रावर रेखांश काढायचा प्रश्न गणिताने सोडवला की कारागिराच्या हाताने?

अक्षांश काढणं सोपं, ध्रुवताऱ्याची किंवा मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली की झालं. रेखांशाला मात्र एकाच क्षणी दोन जागांच्या वेळा लागतात, इथली आणि घरची. इथली सूर्य सांगतो, घरची कोण सांगणार? २२ ऑक्टोबर १७०७ ला इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर फुटली, हजारापेक्षा जास्त माणसं बुडाली. कॅप्टन मर्चंट नेव्हीतला, त्याने लगेच दुरुस्ती केली. "सगळं खापर रेखांशावर फोडू नका. त्या जहाजांची लॉगबुकं पुढे तपासली गेली, तेव्हा अक्षांशाच्या नोंदीही चुकलेल्या निघाल्या." पण दबाव तयार झाला तो झालाच. १७१४ च्या कायद्याने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्याला २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. अर्धा अंश म्हणजे २ मिनिटं. सहा आठवड्यांच्या प्रवासात २ मिनिटं म्हणजे दिवसाला तीन सेकंदांहून कमी चूक.

"आता हे तीन सेकंद बघ," दादांनी कॅप्टनकडे वळून सुरुवात केली. "सेकंदाचा लंबक ९९.४ सेंटीमीटरचा असतो. पोलादी दांडी असेल आणि हवा १० अंशांनी तापली, तर दांडी एक मिलीमीटरच्या नवव्या हिश्शाएवढी वाढते. तेवढ्याने घड्याळ दिवसाला ५ सेकंद मागे पडतं. सहा आठवड्यांत साडेतीन मिनिटं, म्हणजे विषुववृत्तावर ९५ किलोमीटरच्या वर. आणि हे कोरड्या जमिनीवरचं झालं. हेलकावणाऱ्या जहाजात लंबक चालतच नाही."

मास्तर म्हणाले, "गुरुत्व धरलं नाहीत. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशेने पॅरिसचं घड्याळ विषुववृत्ताजवळ कायेनला नेलं, ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक आखूड करावा लागला. पृथ्वी मधे फुगलेली आहे याचा तो पहिला मोजलेला पुरावा. घड्याळाच्या चुकीतून पृथ्वीचा आकार निघाला, आणि तो ओळखायला न्यूटनचं गणित लागलं."

"आणि घड्याळ बनवायला सुताराचा मुलगा," दादा म्हणाले. जॉन हॅरिसन, जन्म १६९३. तीन मोठी यंत्रं करून झाल्यावर चौथं त्याने मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं केलं: १३ सेंटीमीटर व्यास, वजन दीड किलोच्या आत, सेकंदाला पाच ठोके. लंबक नाही, मागे-पुढे फिरणारं बॅलन्स व्हील आणि त्याला झुलवणारी बारीक हेअरस्प्रिंग. "हेअरस्प्रिंगचं दुखणं वेगळं. ऊन लागलं की ती मऊ पडते. भरपाई केली नाही तर एका अंशाला दिवसाला साधारण १० सेकंद जातात. हॅरिसनने पितळ आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींना रिव्हेटने जोडल्या. पितळ जास्त फुगतं, म्हणून गरम झाल्यावर जोडपट्टी वाकते आणि स्प्रिंगची कामाची लांबी तेवढी कमी करते. एक चूक दुसरीला खाते. शिवाय चावी देत असतानाही घड्याळ थांबू नये म्हणून आत वेगळी स्प्रिंग. हे कुठल्या सूत्रातून आलेलं नाही. तापवून, थंड करून, कानस मारून आलेलं आहे."

मास्तरांचा पक्ष चंद्राचा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो, म्हणजे आकाशच डायल आणि चंद्र काटा. अडचण एवढीच की हा काटा पृथ्वी आणि सूर्य अशा दोन ओढींमुळे वेडावाकडा चालतो. गटिंगनच्या टोबियास मायरने गणिती ऑयलरच्या समीकरणांना निरीक्षणांची जोड देऊन चंद्राची पुरेशी अचूक कोष्टकं केली. तो १७६२ मध्ये गेला. त्याच्या विधवेला ३,००० पौंड मिळाले, ऑयलरला ३००.

जहाजावर याचं करायचं काय, ते कॅप्टनने सांगितलं. सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्राने चंद्राच्या कडेपासून ताऱ्याचं किंवा सूर्याचं अंतर घ्यायचं, त्याच वेळी दुसऱ्या दोघांनी चंद्राची आणि त्या ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची घ्यायची. मग शुद्धी करायची. डोळा पाण्यापासून वर असतो म्हणून क्षितिज खाली दिसतं, ते वजा. हवेत प्रकाश वाकतो, ते वजा. आपण पृथ्वीच्या केंद्रात नाही, पाठीवर आहोत, त्यामुळे चंद्र जवळजवळ एका अंशापर्यंत खाली दिसतो, ते मिळवायचं. हे धुऊन काढलेलं अंतर पंचांगात शोधायचं. तिथे दर तीन तासांचे आकडे ग्रिनिचच्या वेळेने छापलेले असतात, मधली वेळ त्रैराशिकाने काढायची. ती ग्रिनिचची वेळ. स्थानिक वेळेशी तिचा फरक, तासाला १५ अंश.

"आणि चूक?" दादांनी विचारलं.

"अंतरात एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली तर वेळ २ मिनिटं चुकते, रेखांश अर्धा अंश. चूक तीसपट होते. अमावास्येच्या आसपास चंद्रच नसतो, आणि ढग आले की बसा."

चंद्रग्रहणाने देशांतर, म्हणजे रेखांशातला फरक, काढायची रीत सूर्यसिद्धान्तात आहे, तीही मास्तरांनी सांगितली. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं, गणिताने उज्जैनीची वेळ काढा, इथली बघा, फरक घटींत मिळतो. एका घटीला, म्हणजे २४ मिनिटांना, ६ अंश. तत्त्व अगदी तेच. पण पृथ्वीच्या सावलीची कड पुसट असते, स्पर्श नक्की कधी झाला यात काही मिनिटं सहज जातात, आणि ४ मिनिटं म्हणजे एक अंश. खलाशाला तर ग्रहणाची वाटही बघता येत नाही.

मला या सगळ्यात कॅप्टनचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटला. तो म्हणाला, चंद्राची रीत प्रत्यक्ष चालली ती पंचांगामुळे. सुरुवातीला एका निरीक्षणाच्या आकडेमोडीला चार तास लागायचे. १७६७ सालापासून इंग्लंडचा राजखगोलज्ञ मॅस्केलिन याचं खलाशांसाठीचं पंचांग, नॉटिकल अल्मॅनॅक, निघालं आणि किचकट भाग घरी बसून आधीच केला जाऊ लागला. गावोगावच्या आकडेमोड करणाऱ्यांना ठरलेल्या पायऱ्या टपालाने जायच्या. प्रत्येक महिना दोघे स्वतंत्रपणे करणार आणि तिसरा ताडून बघणार. दोघांनी एकमेकांचं उतरवलं हे एकदा तिसऱ्याच्या लक्षात आलं, दोघांनाही काढून टाकलं. बरोबरच केलं. दोन स्वतंत्र उत्तरं जुळली तर त्याला अर्थ, उतरवलेली जुळली तर काहीच नाही. म्हणून जहाजावरही क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरची अचूक घड्याळं, तीन ठेवायचे. दोन असले आणि फरक पडला, तर खोटं कोण हे कळत नाही. १८३१ ला निघालेल्या बीगल जहाजावर तर २२ होते.

"आणि क्रोनोमीटर जुळवायचा नसतो," कॅप्टन दादांना म्हणाला. "रोज ठरल्या वेळी, ठरलेल्या माणसाने चावी द्यायची, किती मागे-पुढे आहे ते वहीत लिहायचं, काट्यांना हात लावायचा नाही. दिवसाला ४ सेकंद मागे पडणारं घड्याळ चालतं, रोज ४ च पडत असेल तर. आज २ पुढे, उद्या २ मागे, ते घातक."

रोजच्या या ठरलेल्या मागे-पुढे पडण्याला घड्याळाची चाल म्हणतात, आणि हॅरिसनचं भांडण नेमकं इथेच अडलं होतं. १७६१ च्या नोव्हेंबरात त्याचा मुलगा घड्याळ घेऊन जमैकाला निघाला. पोहोचल्यावर चूक निघाली ५.१ सेकंद. ती निघाली दिवसाला पावणेतीन सेकंदांच्या आसपासची चाल वजा करून, आणि ती चाल निघण्याआधी मान्य करून घेतलेली नव्हती. बक्षीस देणाऱ्या रेखांश मंडळाने तो निकाल मानला नाही. दादांना हा अन्याय वाटतो. मास्तरांना मंडळ बरोबर वाटतं, कारण मागाहून निवडलेल्या शुद्धीने कोणतंही घड्याळ बरोबर ठरवता येतं. माझं मत मास्तरांच्या बाजूने. १७६४ ला बार्बाडोसच्या सफरीआधी चाल आधी जाहीर केली आणि चूक आली ३९ सेकंद. पाचाच्या तुलनेत वाईट, पण हे ३९ जास्त विश्वासाचे. अर्ध्या रकमेसाठी १७६५ आणि उरलेल्यासाठी १७७३ उजाडलं, तेव्हा हॅरिसन ऐंशीचा होता. हा उशीर मात्र कुणीच योग्य म्हटला नाही.

ताई बराच वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "जमैका, बार्बाडोस. दोन्ही ठिकाणी उसाच्या मळ्यांत गुलाम राबत होते. घड्याळ तपासायला तीच बंदरं निवडली, कारण जहाजं तिकडेच जात होती. आपल्याकडे कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये कंपनीने उभी केली, तीही जहाजांना वेळ द्यायला. इतिहास घडवला म्हणताना कुणाचा, तेही बोला."

यावर कुणी वाद घातला नाही.

मग ताईच आजच्या घड्याळांवर आल्या. उपग्रहाचा संकेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. मोबाईलचं घड्याळ साधं असतं, म्हणून जागेच्या तीन अज्ञातांबरोबर त्याची चूक हे चौथं अज्ञात धरतात आणि चार उपग्रह लागतात. हॅरिसनची चाल इथेही आहे: जीपीएसच्या उंचीवर गुरुत्व कमी म्हणून घड्याळ दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतं, वेगामुळे ७ मागे पडतं, उरतात ३८. ते धरले नाहीत तर दिवसाला ११ किलोमीटरची चूक साठते. हा आकडा आइन्स्टाईनच्या समीकरणांतून आधीच काढता येतो. आणि दादांची बाजूही आहे: आपल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली, तेव्हा गणित शाबूत असूनही तो उपग्रह जागा सांगण्यासाठी निकामी झाला. देशी रुबिडियम घड्याळ २०२३ च्या मे महिन्यात एनव्हीएस-०१ बरोबर वर गेलं.

दोन वाजून गेले. सकाळी सावलीचं टोक कमानीला भिडल्याची नोंद होती ११ वाजून ७ मिनिटं. दुपारची आली २ वाजून ११. मध्य १२ वाजून ३९. दादांचे बारा तर गेलेच, पण मास्तरांचाही एक मिनिट चुकला. एक मिनिट म्हणजे पाव अंश, ठाण्याच्या अक्षांशावर २६ किलोमीटर. मध्यान्ह उशिरा आली म्हणजे आपण पश्चिमेला. कट्टा मालाड ओलांडून अरबी समुद्रात गेला होता.

चूक कुठे झाली ते प्लायवरच दिसत होतं. सूर्य अर्ध्या अंशाचा आहे, बिंदू नाही, त्यामुळे सळईच्या टोकाची सावली सेंटीमीटरभर पुसट. सकाळी एकाने फिकी कड धरली, दुपारी दुसऱ्याने गडद. प्लाय अजून सपाट आहे ना, हे दुपारी कुणी तपासलं नव्हतं. दादांनी खिशातून पुठ्ठा काढला आणि त्याला टोच्याने ३ मिलीमीटरचं भोक पाडलं. सळईच्या टोकावर तो आडवा बसवला की सावलीच्या मधे सूर्याचा लहानसा लंबगोल ठिपका पडतो आणि त्याचा मध्य पेन्सिलीने धरता येतो. कमान एकाऐवजी तीन आखायच्या, सकाळ-दुपार खुणा एकानेच करायच्या, पाणसळ दोन्ही वेळा लावायची.

"आणि हातातलं घड्याळ?" कॅप्टनने विचारलं. "त्याची चाल किती?"

दादांनी मनगटावरचं घड्याळ काढून मोबाईलच्या वेळेशी लावून बघितलं आणि कमानीच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: ११ सेकंद पुढे, २५ डिसेंबर, दुपारी २.२०.