मेच्या उन्हात बी करपतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, प्रतिक्रिया वाचली, जरा झणझणीत होती पण चालतंय. तुमचं म्हणणं असं की नाशकात मे महिन्यात माती तव्यासारखी तापते, त्यात चाऱ्याच्या शेंगावर्गीय पिकांचं बी टिकतं हे मी ऑस्ट्रेलियाचं वाचून इथे खपवलं, आणि तुमचा स्टायलो (असंच एक चाऱ्याचं शेंगावर्गीय पीक) दुसऱ्या वर्षी उगवलाच नाही.

एक मान्य. माती ६० डिग्रीला जाते ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थकडच्या भागातलं, मी ते आपल्याकडचं असल्यासारखं लिहिलं, चुकलंच. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणून सबक्लोव्हरचं (तिकडचं चाऱ्याचं शेंगावर्गीय पीक) बी तिथे उन्हाळाभर मातीत पडून असतं.

पण करपतं हे नाही पटलं. मिसळीला मटकी भिजवली की चार-दोन दाणे गणंग राहतात ना, दाताखाली कचकन येतात, तसंच हे, कवचातून पाणी आत जातच नाही. आतला जीव पार सुका असतो आणि सुक्या बियाला उन्हाचं तेवढं भय नसतं. उलट दुपारी तापायचं, पहाटे गार व्हायचं असं महिनोन्महिने चाललं की कवचावर एका ठरावीक जागी बारीक फट पडते आणि मग पाणी शिरतं. वरवर पडलेलं बी लवकर उघडतं, दोन-तीन बोटं खाली गेलेलं उशिरा, कारण खाली दिवसरात्रीचा फरकच कमी. (सबक्लोव्हर तर भुईमुगासारखा आपली बोंडं स्वतःच मातीत खुपसतो, भारी प्रकार आहे.)

खरा घात वळवाचा. एक सर येते, उघडलेलं बी फुगतं, कोंब काढतं, मग पंधरा दिवस कोरडं ऊन, खलास. गणंग राहिलेलं तेवढं वाचतं. टाकळा कोण पेरतं हो? तोही शेंगावर्गीयच, कवच टणक, पाऊस पडला की बांधावर हजर. गुरं तोंड लावत नाहीत ते सोडा.

बरसीम या चाऱ्याच्या पिकाबद्दल तुमचं बरोबर, त्याचं बी बहुतेक मऊ कवचाचं, ते असं थांबत नाही. पण स्टायलोचं काय, तुम्हीच लिहिलंय की फुलावर असताना सगळा कापून गाईंना घातला. मग बी पडलंच कुठे? यंदा एक पट्टा कापू नका, शेंगा वाळून गळू द्या. मेअखेर तिथली मूठभर माती चाळा, बी रात्रभर भिजवा, सकाळी न फुगलेले दाणे मोजा आणि आकडा इथेच टाका.