पाणी तरी घ्या, सिस्टर

आजीने कोणावर दोन दिवस राग धरलेला मला एकदाच आठवतो, आणि तो दोन सिस्टरांवर. मदर तेरेसांच्या सिस्टर, पांढरी सुती साडी, निळे काठ. वसईला आमच्या शेजारच्या काकी अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांना बघायला आलेल्या. मे महिन्याचं ऊन. आजीने ओटीवर बसवलं, विहिरीचं गार पाणी तांब्यात आणलं, बशीत सुकेळी ठेवली. दोघींनी हात जोडले, नको म्हणाल्या. आजी म्हणाली, "पाणी तरी घ्या, सिस्टर." तरी नाही. आणि गेटबाहेर पडल्यावर एकीने कापडी पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि घटाघटा प्यायली, ते आजीने ओटीवरून बघितलं.

संपलंच मग. आपल्याकडे कोणाच्या हातचं पाणी नाकारणं म्हणजे काय हे मी सांगायला नको, माणसांनी माणसांना पिढ्यानपिढ्या असंच तर लांब ठेवलंय. दोन दिवस आजीचं एकच चालू होतं, "आपल्या घरचं पाणी पण चालत नाही?"

कारण मला कळलं खूप वर्षांनी, कोलकात्याला गेले तेव्हा. तिथे एका सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, मदरचाच नियम आहे, बाहेर कोणाच्याही घरी खायचं नाही, प्यायचं नाही. गरिबाच्या घरी गेलं की तो काहीतरी पुढे करणारच, नसलं तर शेजारून उसनं आणेल, स्वतःच्या पोराच्या वाटणीचं देईल. आणि श्रीमंताकडे घेतलं आणि गरिबाकडे नाही, तर त्याला लागेल. म्हणून कोणाकडेच नाही. आजी तेव्हा असती तर तिला लगेच फोन केला असता.

हे सगळं आज लिहायचं कारण, मिशनरी म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात, एकतर संतपण नाहीतर धर्मांतर, आणि ती माणसं दिवसभर करतात काय हे कोणी विचारतच नाही. या सिस्टर पहाटे 4:40 ला उठतात. प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, मग झाडलोट आणि कपडे. एकेकीकडे तीन साड्या आणि एक बादली, कपडे हाताने धुवायचे. मदर हाऊस, म्हणजे यांचं कोलकात्यातलं मुख्य घर, आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला आहे, भर रस्त्यावर, चॅपेलच्या खिडक्या उघड्या, फादरांचा प्रवचनातला अर्धा शब्द हॉर्नमध्ये जातो. मदरची खोली स्वयंपाकघराच्या वर आहे, पंखा नाही, कोलकात्याच्या उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहून बघा म्हणजे कळेल. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रतं सगळ्याच धर्मभगिनी घेतात, यांचं चौथं आहे, गरिबातल्या गरिबाची मनापासून आणि फुकट सेवा.

पण यात उपाशी राहणं नाही हां. 1948 मध्ये मदर लोरेटोचं कॉन्व्हेंट सोडून पाटण्याला नर्सिंग शिकायला गेल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं की आपल्या सिस्टर फक्त भात आणि मीठ खातील, गरीब खातात तसं. तिथल्या मेडिकल मिशनच्या सिस्टरांनी स्पष्ट सांगितलं, असं केलंत तर तुमच्या मुलीच आजारी पडतील, मग सेवा कोण करणार? मदरनी ऐकलं. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो, पुढे परत येते यावर.

मी कोलकात्यात कालीघाटच्या निर्मल हृदयमध्ये सेवेला होते, मरणाच्या दारातल्या माणसांसाठी मदरनी काढलेलं घर. 1952 मध्ये कालीमंदिराला लागून असलेली यात्रेकरूंची धर्मशाळा महापालिकेने मदरना दिली, तीच जागा. बायकांच्या वॉर्डात बुटक्या खाटा. पहिल्या दिवशी मला एका आजींना पाणी पाजायला सांगितलं आणि मी सरळ चमचा तोंडात घातला, त्यांना ठसका लागला, मी घाबरले. सिस्टर आल्या, मान एका कुशीला वळवली, चमचा आधी नुसता खालच्या ओठाला टेकवला आणि थांबल्या. किती वेळ थांबल्या. आजींनी स्वतःहून ओठ उघडले तेव्हा अर्धा चमचा. परत थांबायचं. एक वाटी पाण्याला पाऊण तास लागला असेल. समोर क्रूस होता, यांच्या प्रत्येक चॅपेलमध्ये क्रुसाशेजारी येशूचे शब्द असतात, "मला तहान लागली आहे". लहानपणापासून गुड फ्रायडेला ऐकलेलं वाक्य, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असं वाटलं.

धर्मांतराचं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, तिथे मरणाऱ्या हिंदूच्या ओठाला गंगाजल लावायची रीत आहे, मुसलमानाला कुराण वाचून दाखवायची, आणि अंत्यसंस्कार ज्याचे त्याच्या धर्माप्रमाणे. देशभरातल्या सगळ्या मिशनऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये, या घराबद्दल बोलतेय.

आणि टीकेचं म्हणाल तर एक टीका मला पूर्ण पटते. 1994 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स निर्मल हृदय बघून आले आणि त्यांनी लिहिलं की इथे स्वच्छता आहे, जखमा नीट धुतात, माया आहे, पण रोगाचं निदान धड होत नाही आणि तीव्र वेदनेवर जोरदार औषध नाही. आमच्यातले लोक हे ऐकलं की चिडतात. मी नाही चिडत. माझ्या वडिलांना शेवटी कॅन्सरच्या वेदना होत्या, मॉर्फिन मिळेपर्यंतचे ते आठ दिवस मी बघितलेत, तेव्हा मायेने हात धरणं पुरत नाही हो. पाटण्याच्या नर्सचं ऐकून मदरनी स्वतःच्या सिस्टरांचं ताट बदललं ना, मग डॉक्टरचं ऐकून खाटेवरच्या माणसाचं दुखणं कमी करणंही त्याच चौथ्या व्रतात बसतं. दुःखाला अर्थ असतो हे सोसणाऱ्याने स्वतःसाठी म्हणावं, दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल आपण म्हणू नये. हे मी श्रद्धा ठेवूनच म्हणतेय.

डिसेंबरमध्ये परत जातेय, दहा दिवस. कोणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. सकाळी मदर हाऊसला पाव, केळं आणि चहा मिळतो, मग कामाला निघायचं, गुरुवारी सुट्टी. पहिले दोन-तीन दिवस बहुतेक कपडेच धुवायला लागतील, चादरी ओल्या झाल्या की खूप जड होतात, दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या.