आपल्या नाटकातला परदेश

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, हा देशाचा अपमान. दुसरा म्हणे, चोरवाटेनं गेलात ना, मग भोगा. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं: ही पंजाब-गुजरातची भानगड, आपली माणसं रीतसर जातात. त्या विमानात महाराष्ट्रातले तिघे होते, हे कुणीतरी टाकलं. त्यावर अंगठासुद्धा आला नाही.

मी इटलीत, मिलानमध्ये राहतो आणि रीतसर आलोय. कंपनीनं कागद केले, मी सह्या केल्या. यात माझं कर्तृत्व कितीसं, हे मला इथल्या एका नाटकानं विचारायला लावलं. 'ला नावे फांतास्मा', म्हणजे भुताचं जहाज. जोवान्नी मारिया बेल्लू हा पत्रकार आणि रेनातो सार्ती, बेबो स्तोर्ती हे रंगकर्मी, अशा तिघांचं हे लेखन.

घटना १९९६ च्या नाताळातली. 'योहान' नावाच्या जहाजावर चोरवाटेनं इटलीला निघालेले भारतीय, पाकिस्तानी आणि श्रीलंकेतले तमिळ तरुण होते. इटलीच्या सिसिली बेटाजवळ, भर थंडीत, मध्यरात्री त्यांना एका लहान लाकडी बोटीत उतरवलं. बोट क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरली, पाणी शिरू लागलं. योहान मदतीला वळलं आणि त्याचीच धडक तिला बसली. किमान २८३ जण बुडाले. वाचलेल्यांना ग्रीसला नेऊन उतरवलं. त्यांनी झालेलं सगळं सांगितलं, पण इटलीत ते फारसं कुणी खरं मानलं नाही. प्रेतं कुठायत? पुरावा काय?

प्रेतं सिसिलीतल्या पोर्तोपालो गावच्या कोळ्यांच्या जाळ्यात येत होती. कळवावं तर चौकशी, बोट बंदरात अडकून पडणार, मासेमारीचे दिवस बुडणार. म्हणून ती परत पाण्यात जात होती. २००१ साली एका कोळ्याच्या जाळ्यात कपडे आले आणि त्यात प्लॅस्टिकचं एक ओळखपत्र होतं, १७ वर्षांच्या तमिळ मुलाचं. चार वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही चेहरा ओळखू येत होता. तो कोळी बेल्लूकडे बोलला. बेल्लूच्या वर्तमानपत्रानं, 'ला रेपुब्लिका'नं, पाण्याखाली कॅमेरा सोडला आणि शंभरेक मीटर खोल रुतलेली ती बोट अख्ख्या देशानं पाहिली. गावानं मात्र बोलणाऱ्या कोळ्यालाच वाळीत टाकलं.

यावर रडकं नाटक करणं सोपं होतं. यांनी कॅबरे केलाय. म्हणजे दोन नट, टिंगलटवाळी, सरकारी अधिकाऱ्यांच्या नकला. माणूस हसतो आणि हसता हसता चरकतो, कारण नकला समुद्रात बुडणाऱ्यांच्या नसून किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांच्या असतात. नाटकाची खरी ताकद मला इथे दिसली. जाणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, हे ते फारसं उगाळत नाही.

आपल्याकडची चर्चा नेमकी तिथंच अडकते. का गेला, कोणत्या एजंटानं फसवलं, जमीन विकून कशाला जायचं. आणि मराठी रंगभूमीवरचा परदेश म्हणजे तर बहुतेक वेळा पुण्यातला दिवाणखाना, वाट पाहणारे आईवडील आणि अमेरिकेतून येणारा फोन. ते दुःख खोटं नाही, माझ्याही घरी तो फोन वाजतो. पण त्या नाटकातला मुलगा कायम व्हिसावाला असतो.

ग्रुपवरचा एक मित्र म्हणाला, "मग कायदा नको का?" हवाच की. मीही दर खेपेला पोलीस कचेरीत नंबर घेऊन बोटांचे ठसे देतो. पण इथं रीतसर आणि चोरटं यांतली रेघ भलतीच लवचिक आहे. इटली परदेशी मजुरांचा ठरावीक कोटा काढते. त्या कोट्यातल्या व्हिसासाठीही गावाकडे एजंट लाखो रुपये घेतात. माणूस कायदेशीर विमानानं उतरतो, मालक नोकरीचा करार करतच नाही, आणि काही महिन्यांत त्याच माणसाला बेकायदा म्हणतात. उत्तर इटलीतल्या क्रेमोनाच्या गोठ्यांत पहाटे दूध काढणारे पंजाबी आज तिथल्या चीजच्या धंद्याचा कणा आहेत. त्यातले कितीतरी सुरुवातीला बिनकागदाचे होते, पुढे सरकारनंच कागद दिले. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागातल्या शेतावर एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला, तर मालकानं त्याला दवाखान्यात न नेता त्याच्या घरासमोर टाकलं, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवून. तो गेला. पोर्तोपालोच्या कोळ्यांचा हिशेब आणि या मालकाचा हिशेब मला फार वेगळा वाटत नाही.

तेव्हा माझी विनंती आहे ती आपल्या एकांकिकावाल्या पोरांना. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला दरवर्षी नवा विषय शोधत असता ना? हा घ्या. दोन नट पुरतात, नेपथ्याचा खर्च नाही. त्या विमानातल्या तिघांवर करा, पण बेड्यांपासून सुरुवात करू नका. कर्ज देणारा सावकार, पासपोर्ट घेऊन जाणारा एजंट, आणि अंगठासुद्धा न देणारा आमचा ग्रुप, यांच्या नकला बसवा. आमच्या ग्रुपचे संवाद हवे असतील तर पाठवतो.