वावर विका, पण समतोल राखून

शहराच्या शिवेला तुमचं दोन एकर काळं वावर आहे आणि तुम्ही अजून त्यात कापूस लावता? कमाल आहे, भाऊ. जीनवाल्याच्या दारात भाव विचारत उभं राहायचे दिवस गेले. आता तोच भाव विचारायला लोक गाडी करून तुमच्या बांधावर येतात.

जमीन कशी वाटायची याचा चीनने फार विचार केला म्हणतात. २०१२ साली तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या अठराव्या अधिवेशनात तीन प्रकारच्या जागा सांगितल्या गेल्या: उत्पादनाची, राहण्याची आणि निसर्गाची. तेव्हापासून या तिघींचा मेळ कसा घालावा यावर तिथले पंडित लिहिताहेत. खानदेशात हा मेळ एका सकाळी बसतो. दोन मजूर आणि आखणीला पोतंभर पांढरी फक्की लागते, बस.

कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायच्या नाहीत. त्यांच्यामधूनच फक्की मारा, म्हणजे शेती चालू आहे असंही दिसतं आणि प्लॉटही पडतात. इसार घ्या. बिनशेतीचं पुढे होत राहतं, घाई गिऱ्हाइकाला असते, आपल्याला नाही.

आता राहणं. काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. तिच्यावर दोन फूट मुरूम दाबला की ती मेली असं समजायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघेल. घरमालक फोन करेल. त्याला सांगा, सिमेंट खराब होतं. वावरातली भेग बैठकीत आली, हे सांगून त्याचं मन कशाला मोडायचं?

निसर्ग मात्र शोधावा लागतो. सात-बारा काढा आणि 'पोटखराबा' या रकान्यात बघा. सरकारने त्याला तिथेच घर दिलंय. वर्ग 'अ' म्हणजे लागवडीला नालायक, वर्ग 'ब' म्हणजे नाला, रस्ता असल्या सार्वजनिक कामाची. शिवाय राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटरपुढच्या ले-आउटला दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. दोन एकरात आठ गुंठे! एवढी जागा कुठे सोडायची यातच माणसाची अक्कल दिसते. नाल्याकडचा तो तिरपा, बाभळीचा कोपरा आहे ना, तिथे. बांधावरचा निंब रस्त्यात येत असेल तर तोडा, पण वसाहतीला त्याचं नाव द्या. जळगावात मेहरूणच्या बोरांच्या किती बागांवर घरं चढली, बोराचं नाव गेलं का?

कोणी म्हातारा धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या फडाची गोष्ट काढील. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि कोणाला कधी पाणी ते पाटकरी ठरवणार. स्वतःच्या वावरात काय पेरायचं हे गावाला विचारून! असल्या गुलामीतून आपण सुटलो. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

राहता राहिला नाला. त्यात तीन फुटी पाइप टाका, वर भराव आणि भरावावर 'चाळीस फुटी रस्ता' अशी पाटी. आमच्याकडे एकाने हे इतकं सफाईने केलं की मीसुद्धा बघायला गेलो. सत्यनारायणाचा मंडप पडला होता, प्रसादाच्या शिऱ्याचा वास सुटला होता. शेजारचे आप्पा आले, पाइपात वाकून पाहिलं, वरच्या शिवाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "भो, मिरगमा पानी कथा जाई?"

बिल्डर पुण्याचा. त्याला आप्पांच्या अहिराणीतला एकच शब्द कळला. हात जोडून म्हणाला, "कथा अकरा वाजता आहे, काका. तीर्थ घेऊनच जा."