‘अ‍ॅडमिन झालात म्हणजे न्यायाधीश झालात का?’

नाणेवेडेसाहेब,

जुन्या नाण्यांच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या दोन पोस्ट मी उडवल्या, ते मागच्या आठवड्यात इथे लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं असं की, सभासदाच्या लिहिण्याला अ‍ॅडमिन जबाबदार नाही हे हायकोर्टानेच सांगितलंय, तेव्हा कायद्याचा बागुलबुवा उभा करून मी हुकूमशाही चालवतोय.

निकाल तुम्ही बरोबर सांगितलात, पण अर्धाच. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६ चं. एका सभासदाने ग्रुपवर एका महिलेला अर्वाच्य भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. का केला तेही वाचा. अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, मजकूर आधी तपासायची सोय त्याच्याकडे नसते, आणि आधीपासूनचं संगनमत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजचं पाप त्याच्या माथी मारता येत नाही. पुढे २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचं बटण दिलं. फेसबुक ग्रुपवर तर पोस्ट आधी बघून मग मंजूर करायची सोय आहेच. ‘माझ्या हातात आहे काय?’ या प्रश्नाचं २०२१ चं उत्तर आज जसंच्या तसं टिकेल, यावर मी तरी पैज लावणार नाही.

कुठली पोस्ट ठेवायची, कुठली काढायची अशी निवडानिवड करायला लागलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुराची जबाबदारी अंगावर न येण्याचं, संरक्षण जातं, हा तुमचा दुसरा मुद्दा. ते संरक्षण मध्यस्थाला आहे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कंपनीला. ग्रुप अ‍ॅडमिन हा मध्यस्थ नव्हे, असं केरळ हायकोर्टाने २०२२ मध्येच म्हटलंय. जे माझं नव्हतंच ते जाणार कुठून? आणि स्वतःची साइट चालवणाऱ्यांसाठीही २०२१ च्या नियमांत लिहिलंय की आपणहून मजकूर काढला म्हणून संरक्षण जात नाही.

आता पहिली पोस्ट. विहीर खणताना गाडगं लागलं, आत शंभरेक नाणी. मातीसकट फोटो, आणि खाली ‘इच्छुकांनी पर्सनलवर यावे’. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. हो, दहाच रुपये, आकडा राणीच्या काळातला आहे. न कळवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या फोटोखाली सात जणांनी ‘इंटरेस्टेड’ लिहिलं होतं आणि ते मी चहा पिताना एकेक करून वाचलं होतं. मग ‘मला ठाऊक नव्हतं’ कुठल्या तोंडाने म्हणू? संगनमत शोधायला पोलिसांना फार लांब जावं लागलं नसतं. आपल्या ग्रुपच्या नावातच ‘देवाणघेवाण’ आहे!

कायदा बाजूला ठेवला तरी जीव हळहळतोच. गाडगं अख्खं राहिलं तर कुठली नाणी एकत्र चालत होती, कुठली झिजलेली आणि कुठली कोरी पुरली गेली, हे सगळं कळतं. सात जणांनी वाटून घेतलं की उरतात फक्त सुटी नाणी.

दुसऱ्या पोस्टबद्दल मात्र तुमचं बरंचसं बरोबर आहे. एका सभासदाने एका विक्रेत्याचा फोटो, नाव, मोबाइल नंबर टाकून वर ‘चोर’ लिहिलं होतं आणि खाली त्याच्याकडून घेतलेल्या पाच शिवराई नाण्यांचे (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) फोटो होते. विक्रेत्याच्या वकिलाची नोटीस मला आली, लिहिणाऱ्याला नाही. माझा पत्ता ग्रुपच्या माहितीत आहे ना. बदनामीची ती भाषा वाचून घरात दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी घाबरलो आणि अख्खी पोस्ट उडवली.

चूक तिथे झाली. ‘चोर’ आणि नंबर जायलाच हवे होते, पण फोटो राहायला हवे होते. खरी शिवराई ठसा मारून पाडलेली असते, साच्यात ओतलेली नसते. या पाचही नाण्यांच्या कडेला साच्याचा सांधा दिसत होता, ‘श्री राजा शिव’च्या अक्षरांत बारीक बुडबुड्यांचे खड्डे होते, आणि पाचांवरही एकाच जागी तोच ओरखडा. पाच जुन्या नाण्यांना एकच ओरखडा कसा पडेल? नवशिक्याला हे एकदा दाखवलं की तो पुन्हा फसत नाही. ‘ही नाणी मला ओतीव वाटतात, कारणं ही’ एवढं लिहिलं असतं, तर वकिलाला धरायला फारसं काही सापडलं नसतं.

त्या सभासदांना काल फोन केला. आधी रागात होते, मग ऐकून घेतलं. विक्रेत्याचं नाव न घेता, नाणी वजनकाट्यावर ठेवून रविवारी नव्याने फोटो टाकतो म्हणाले. कडेचे फोटो तिरप्या उजेडात काढा, एवढंच मी सांगितलं.