‘गर्भाशय झोपलंय’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

“सोळा उलटली तरी पोर शहाणी झाली नाही, म्हणजे गर्भाशय झोपलंय. तीळ-गुळाचा काढा आणि तीन महिने पाळीच्या गोळ्या द्या, जागं होतं. आईनं ग्रहण पाळलं नाही की असं होतं. गर्भाशय नसलंच तर ती मुलगी नव्हे. लग्नाआधी गुपचूप ऑपरेशन उरका.” सांगली-मिरजेकडं फिरणारा हा मेसेज आमच्या नात्यातल्या एका आईनं खरा मानला आणि सोनोग्राफी पुढं ढकलली.

आधी गोळ्या, कारण खरं नुकसान तिथंच आहे. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पाच ते दहा दिवस देऊन थांबवल्या की गर्भाशयाचं अस्तर सुटतं, तीच पाळी. पण काही मुलींना जन्मतः गर्भाशयच नसतं. अस्तरच नाही तर रक्त येणार कुठून? मग ‘डोस कमी पडला’ म्हणत दुसरा कोर्स, तिसरा कोर्स. दर महिन्याला पोटात कळा येत असतील तर तपासणीला उशीर करूच नका. अर्धवट वाढलेल्या गर्भाशयात किंवा योनीचा पडदा बंद असल्यास रक्त आतच साठतं. ते काढ्यानं सुटत नाही, बहुधा ऑपरेशनच लागतं.

एवढं मान्य, की पाळी लांबलेल्या बहुतेक मुलींना गर्भाशय असतं. थायरॉईड, वजन, पीसीओडी अशी कारणं असतात आणि काहींना गोळ्या लागूही पडतात. पण ते सोनोग्राफीनंतर ठरवायचं. छाती वाढली, वय 15 झालं, पाळी नाही, तर लघवी तुंबवून पोटावरून सोनोग्राफी करा. त्याच वेळी दोन्ही किडन्या बघायला सांगा. गर्भाशय नसलेल्या मुलींत साधारण तिघींतल्या एकीची किडनी एकच असते किंवा जागा सोडून असते. रिपोर्टमध्ये ‘छोटं गर्भाशय’ आलं तर एमआरआय करून खात्री करा. नुसत्या स्नायूच्या गाठीलाही कधीकधी गर्भाशय समजलं जातं.

ग्रहणाचा संबंध शून्य. गर्भाशय ज्या दोन नळ्यांपासून बनतं त्या गर्भाच्या पहिल्या तीनेक महिन्यांत वाढून जुळतात, ती वाढच अर्धवट राहते. आईचा दोष नाही.

‘मुलगी नव्हे’ हे वाचून संताप येतो. जन्मतः गर्भाशय नसण्याच्या या अवस्थेला एमआरकेएच म्हणतात, साधारण 4500 ते 5000 मुलींमागं एक. गुणसूत्रं 46 एक्सएक्स, म्हणजे मुलींची नेहमीचीच, अंडाशय शाबूत, हार्मोन्स नेहमीसारखे. गुणसूत्रं एक्सवाय निघाली तर आजार निराळा, तपासण्या निराळ्या. तिथंही ती मुलगीच.

या मुलींत योनीही अपुरी असते, ती तयार करण्याच्या ऑपरेशनचं म्हणाल तर अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, एसीओजीनं, 2018 मध्ये स्पष्ट लिहिलंय: आधी डायलेटर, म्हणजे योनी हळूहळू ताणून वाढवणाऱ्या गुळगुळीत कांड्या, तेही मुलीची स्वतःची तयारी झाल्यावर. नीट वापरले तर 90 टक्क्यांहून जास्त जणींना ऑपरेशन लागत नाही.

मूल पोटात वाढणार नाही, हे खरं. पण स्त्रीबीज तिचंच असतं, आणि गर्भाशय नसणं हे सरोगसीसाठी कायद्यानं मान्य कारण आहे.